हिंजवडी आणि पुणे स्टेशन यांच्या मध्ये परवडणारे घर कुठे शोधावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या आत आपण सांगलीहून पुण्यात येत आहात, यजमानांची नोकरी हिंजवडीच्या फेज दोनमध्ये आहे, आपली परिचारिकेची नोकरी पुणे स्टेशनजवळच्या रुग्णालयात आणि तीही पाळ्यांची आहे, मुलगी यंदा पहिलीत जाणार आहे आणि भाडे व मेंटेनन्स मिळून १६ हजारांच्या पुढे जायचे नाही. मामेभावाने याच पैशांत वाघोलीतील नव्या संकुलातला टू बीएचके दाखवला आहे, यजमानांचे सहकारी पुनावळ्याचे नाव घेत आहेत, आणि या दोहोंतले कोणते निवडावे असे आपण विचारले आहे. पुण्यात घरे भाड्याने लावून देणे आणि भाडेकरार नोंदवून देणे हा माझा गेल्या २२ वर्षांचा व्यवसाय आहे. आपल्यासारख्या दोन टोकांना नोकऱ्या असलेल्या कुटुंबाला मी या दोन्ही जागा सुचवणार नाही. आपण दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, बोपोडी आणि पिंपळे गुरव या पट्ट्यात, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वन बीएचके शोधावा असे माझे मत आहे. असे का, ते सविस्तर सांगते.

पुण्यात नवीन येणारा माणूस भाड्याचा आकडा आणि फोटो पाहून घर ठरवतो, आणि त्या दोन्ही बाबतींत हद्दीवरचे नवे संकुल नेहमीच सरस ठरते. परंतु गेल्या काही वर्षांत या शहराची हद्द ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या पसरल्या नाहीत. २०१७ मध्ये लोहगाव, उंड्री, धायरी, शिवणे, आंबेगाव यांसारखी ११ गावे पुणे महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, पिसोळी अशी आणखी २३ गावे आली. कागदावर ही सगळी गावे शहरात आहेत. मात्र तेथील अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात बोअर आटली की दिवसाला किती टँकर आले याची वही पहारेकऱ्याकडे ठेवलेली असते. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये जातो, आणि मेंटेनन्स मालकाने भरायचा की भाडेकरूने, हा वाद नेमका एप्रिलमध्ये सुरू होतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरील किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले तेव्हा पिण्याच्या पाण्याकडेच सर्वांचे लक्ष गेले, आणि नव्याने आलेल्या गावांतील पाण्याचा प्रश्न एकदम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. आपण स्वतः रुग्णालयात काम करता, त्यामुळे यावर मी अधिक काही सांगायला नको.

व्यवसायात नवी असताना मीही ही चूक केली आहे. जानेवारी महिन्यात पूर्वेकडच्या एका नव्या इमारतीत एका कुटुंबाला मी घर लावून दिले; नळ सोडून पाहिला, पाणी धो-धो आले, मी समाधानाने दलाली घेतली. एप्रिलमध्ये त्या बाईंचा फोन आला की सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर याखेरीज पाणी नाही. तेव्हापासून मी नळ सोडून पाहण्यावर विसंबत नाही. मागील एप्रिल आणि मे महिन्याचे मेंटेनन्सचे बिल दाखवा असे मालकाला सांगते. जो मालक ते दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्या घरी मी दुसऱ्यांदा जात नाही.

आता वाघोलीचा हिशेब करू. वाघोलीहून हिंजवडी फेज दोन तीस किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे यजमानांची जाऊन-येऊन किमान ६० किलोमीटरची दौड झाली. महिन्याचे २४ दिवस, दुचाकीला लिटरमागे ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास धरले तर केवळ पेट्रोलचे जवळजवळ ३,४०० रुपये होतात, आणि नगर रस्ता, खराडी आणि नंतर वाकडची कोंडी यांत रोजचे तीन तास जातात ते वेगळेच. कासारवाडीहून हेच अंतर एका बाजूने सुमारे १५ किलोमीटर आहे, म्हणजे त्याच हिशेबाने पेट्रोलचा खर्च १,७०० च्या आत राहतो. वाघोलीचे घर भाड्यात कितीही स्वस्त वाटले तरी त्यातले सतराशे-अठराशे रुपये पेट्रोलच्या टाकीत जाणार आहेत, हे धरूनच तुलना करावी. वाघोली वाईट आहे असे माझे म्हणणे नाही; खराडीत नोकरी करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना मी तेथे घरे दिली आहेत आणि ती सुखाने राहत आहेत.

पुनावळ्याची गोष्ट उलटी आहे. यजमानांना ते सोयीचे आहे, तरी भूमकर चौक आणि महामार्गाखालचे बोगदे सकाळी नऊ वाजता कसे असतात ते एकदा पाहून घ्यावे. परंतु आपल्याला तेथून पुणे स्टेशन गाठायचे म्हणजे आधी बस किंवा रिक्षाने रेल्वे अथवा मेट्रोपर्यंत यायचे आणि मग पुढे जायचे. रात्री नऊला पाळी सुटल्यावर हा प्रवास रोज करणे कठीण आहे. शिवाय वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत हा पट्टा आयटीतील दोन-दोन पगारांच्या घरांनी भरला असल्याने तेथे स्वस्त असे आता फारसे उरलेले नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचे नाव घेऊन या भागात भाडे वाढवून सांगणारे मालक भेटतील. ज्या मेट्रोत आपण स्वतः बसून गेला नाहीत, तिच्यासाठी भाड्यात एक रुपयाही जास्त देऊ नये.

दोघांची नोकरी दोन दिशांना असली की मी नेहमी आधी असे विचारते की दोघांपैकी कोणाची वेळ कमी लवचीक आहे. आपल्या घरात ते आपण आहात. यजमानांना कधी उशीर चालेल, घरूनही काम करता येईल. परिचारिकेची पाळी मात्र पुढची व्यक्ती हजर झाल्याशिवाय संपत नाही आणि उशिरा सुरूही होऊ शकत नाही. म्हणून घर आपल्या मार्गावर घ्यावे आणि त्या मार्गावरच्या ज्या ठिकाणाहून हिंजवडीला फुटता येते तेथे घ्यावे. दापोडी ते कासारवाडी हा तो भाग आहे.

या पट्ट्यातून जुना मुंबई–पुणे रस्ता, लोणावळा लोकलचा मार्ग आणि मेट्रोची पिंपरी–स्वारगेट मार्गिका अशा तिन्ही वाटा जवळजवळ एकमेकींना लागून जातात; पुण्यात अशा जागा फार नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये फुगेवाडीच्या पुढे जिल्हा न्यायालयापर्यंत मेट्रो सुरू झाल्यापासून दापोडी किंवा बोपोडीहून निघून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की पुणे स्टेशन तेथून दुसरे स्थानक आहे. लोकलने दापोडी, खडकी, शिवाजीनगर आणि पुणे एवढाच प्रवास आहे आणि मासिक पास मेट्रोच्या तुलनेत अगदी किरकोळ पडतो, परंतु दुपारच्या वेळी दोन गाड्यांमध्ये मोठे अंतर असते, त्यामुळे दुपारच्या पाळीला मेट्रो आणि सकाळच्या पाळीला लोकल असे आमच्याकडच्या पुष्कळ परिचारिका करतात. मेट्रो बंद झाल्यावरही जुना मुंबई रस्ता जागा असतो, रिक्षा मिळते, दुकानांचे दिवे असतात. यजमानांसाठी नाशिक फाट्याहून पिंपळे सौदागर, रहाटणीमार्गे वाकडला जाणारा रुंद रस्ता आहे आणि त्यावर बससाठी राखीव मार्गिका आहे. कंपनीची बस असल्यास ती नाशिक फाट्यावर थांबते का, एवढे त्यांनी विचारून घ्यावे. येथे एक इशारा देते: मेट्रोचे जे स्थानक भोसरी या नावाने सुरू झाले ते प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे. जाहिरातीत ‘भोसरी मेट्रोजवळ’ असे वाचून भोसरी गावात घर घेणारे आणि मग रोज रिक्षाचे पैसे मोजणारे लोक मी पाहिले आहेत.

या भागातील इमारती साधारण १९८५ ते २००० या काळातल्या, तीन-चार मजली आणि बहुधा लिफ्टशिवायच्या आहेत. त्यांना व्यायामशाळा नाही, पोहण्याचा तलाव नाही, दारात कमान नाही, आणि म्हणूनच मेंटेनन्सही नवीन संकुलांच्या मानाने अगदी थोडा आहे. पहिल्या मजल्याला मागणी जास्त असते, कारण घरात म्हातारी माणसे असतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मालकाला लवकर जात नाही आणि तेथे हजार-दीड हजारांची घासाघीस सहज करता येते. आपल्या घरात वृद्ध कोणी नसतील तर चढण्याचा त्रास सोसून तो फायदा घ्यावा. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र उन्हाळ्यात स्लॅब तापते आणि पावसाळ्यात गळतीची शक्यता असते, म्हणून छताच्या कोपऱ्यांत ओल येऊन गेल्याचे डाग आहेत का ते पाहावे. ताज्या रंगाचा वास येत असेल तर जास्तच बारकाईने पाहावे.

याच छोट्याशा पट्ट्यात कारभार मात्र तीन वेगवेगळ्या संस्थांचा आहे आणि त्याचा आपल्या घरावर थेट परिणाम होतो. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी आणि पिंपळे गुरव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहेत. हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी पुणे महापालिकेत लागते. आणि त्यापुढे खडकी छावणी मंडळाची (कॅन्टोन्मेंटची) हद्द आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड देण्याची व्यवस्था सुरू झाली, म्हणून तेथे घर पाहताना जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी सोसायटीला दोन दिवस पुरते का, हा पहिला प्रश्न असावा. बहुतेक जुन्या सोसायट्यांनी एवढ्या वर्षांत ही सोय करून घेतली आहे. ज्यांनी केलेली नाही, त्यांच्या जिन्यात प्लास्टिकचे पिंप दिसतात.

आता या पट्ट्याचे दोष. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते, आणि जुनी सांगवी, दापोडी, बोपोडी, पिंपळे गुरव यांचे नदीकाठचे भाग धरणांतून विसर्ग वाढला की पाण्याखाली जातात. पाटबंधारे विभागाने नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत मी कोणालाही घर देत नाही, भाडे निम्मे असले तरी देत नाही. शहराच्या दुसऱ्या बाजूला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ रोजी मुठेने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत काय केले ते पुणेकरांच्या ध्यानात आहे. त्या दोन्ही वेळी तळमजल्यावरच्या भाडेकरूंचे सामान गेले आणि त्याची भरपाई डिपॉझिटमधून होत नसते. इमारतीच्या खालच्या दुकानदाराला ‘पाणी कुठपर्यंत आले होते’ असे विचारावे. ‘पाणी येते का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘कुठपर्यंत’ असे विचारल्यावर तो हाताने भिंतीवरची खूण दाखवतो.

दुसरा दोष इमारतींच्या वयाचा आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण, ज्याला सगळे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, झालेले असणे आवश्यक असते. सोसायटीच्या सचिवाकडे त्याचा अहवाल मागावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोसायटीने पुनर्विकासासाठी बिल्डरशी करार केला आहे का, हे विचारावे. मेट्रो आल्यापासून या पट्ट्यात बिल्डरांच्या फेऱ्या वाढल्या आहेत, आणि मालकाला नव्या फ्लॅटचे व पर्यायी जागेच्या भाड्याचे आश्वासन मिळालेले असले तरी भाडेकरूला केवळ एक महिन्याची नोटीस मिळते. मुलीची शाळा मध्येच बदलावी लागू नये म्हणून हा प्रश्न टाळू नका. आणि करारात निदान पहिले अकरा महिने दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारी अट घालून घ्या.

या भागात मनाजोगे घर मिळालेच नाही, तर पुढचा पर्याय म्हणून मी आकुर्डी आणि चिंचवड स्टेशनचा जुना भाग पाहायला सांगेन. लोकल दारात आहे आणि हिंजवडीही आटोक्यात आहे, फक्त आपला प्रवास वाढतो. थेरगाव आणि काळेवाडी यजमानांना जास्त सोयीचे, आपल्याला कमी. तळेगाव दाभाडे स्वस्त आहे, हवाही चांगली आहे, पण लोकल चुकली की पाळी चुकली. कळस, धानोरी, विश्रांतवाडी या बाजूला २०२१ पासून भामा आसखेड धरणाचे पाणी येऊ लागल्याने तेथील परिस्थिती सुधारली आहे आणि पुणे स्टेशन तेथून जवळ आहे. यजमानांची नोकरी हिंजवडीऐवजी येरवडा किंवा खराडीत असती तर मी डोळे झाकून तेच सांगितले असते. धनकवडी, बालाजीनगर, वारजे माळवाडी, भेकराईनगर ही नावेही आपल्या कानावर येतील. ती परवडणारीच आहेत, फक्त आपल्या दोघांच्या नोकऱ्यांच्या वाटेवर नाहीत.

घर पसंत पडल्यावर करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी करार करून तो नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. पंधरा हजार भाडे आणि पन्नास हजार डिपॉझिट धरले तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने पाचशे रुपयांच्या आत बसते, महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे, आणि ऑनलाइन नोंदणीचे इतर किरकोळ शुल्क धरूनही सरकारी खर्च दोन हजारांच्या आत राहतो. पुण्याच्या हद्दीत काही मालक नोटरीवरच भागवू पाहतात, कारण मालक स्वतः राहत असल्यास मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि भाडेकरू असल्याची नोंद त्यांना नको असते. त्यांच्या या सोयीसाठी आपण अडकू नये. नोंदलेला करार आपल्याला गॅसपासून शाळेपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून लागणार आहे, आणि आपण शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी पात्र असाल तर घर व शाळा यांतले अंतर त्याच पत्त्यावरून मोजले जाते, ज्यात एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य मिळते. त्यासाठीचा करार अर्ज भरण्याच्या आधीचा असावा लागतो, म्हणून तो विचार असेल तर घर आधी आणि शाळा मागून असा क्रम ठेवावा.

मालकाची सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात), मिळकतकराची पावती आणि वीजबिल या तिन्हींवर एकच नाव आहे का ते पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. फोनवर ‘मी सैन्यात आहे, माझी बदली झाली आहे’ असे सांगत, घर न दाखवताच पैसे मागणारे लोक सर्रास फसवतात. भाडे न घेता मोठी रक्कम ठेवून घेणाऱ्या ‘हेवी डिपॉझिट’च्या व्यवहारातही पडू नये, त्या घरावर बँकेचे कर्ज थकलेले असले तर जप्तीची नोटीस आल्यावर आपले पैसे कोठून परत मिळवायचे, हा प्रश्न उरतो. दलाली बहुतेक ठिकाणी एक महिन्याचे भाडे असते, आणि ती करार नोंदवल्याच्या दिवशी द्यावी, त्याआधी नाही.

या जुन्या इमारतींतली घरे मोबाइलवरच्या जाहिरातींत फारशी दिसत नाहीत. फाटकावर लावलेली ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि इस्त्रीवाला हेच तेथले मार्ग आहेत, त्यामुळे दोन दिवस पायी फिरण्याची तयारी ठेवावी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात यावे. मे अखेरीस घर सोडणाऱ्या भाडेकरूंनी तोवर मालकांना सांगितलेले असते, आणि जूननंतर विद्यार्थ्यांची गर्दी सुरू झाली की कोणी घासाघीस ऐकून घेत नाही. आडनाव विचारणारे, मांसाहार करता का असे विचारणारे मालकही भेटतील. मला त्याची चीड येते, पण आपण तेथे वेळ घालवू नये, दोन इमारती सोडून दुसरे घर मिळते.

शक्य झाल्यास बुधवारी रात्री मुक्कामाला यावे. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी आणि वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो, आणि त्या दिवशी इमारतीचे खरे रूप दिसते. सकाळी साडेआठला यजमानांनी नाशिक फाट्याहून हिंजवडीपर्यंत दुचाकी चालवून पाहावी. आणि आपण रात्री नऊला पुणे स्टेशनवरून निघून, ठरवलेल्या इमारतीच्या दारापर्यंत एकटीने चालत येऊन पाहावे. स्थानकापासून दारापर्यंतच्या त्या दहा मिनिटांत वाट अंधारी वाटली किंवा पाऊल भराभर उचलावेसे वाटले, तर ते घर सोडून द्यावे आणि त्याच रस्त्यावर स्थानकाच्या जवळचे, एखादी खोली लहान असलेले घर पाहावे.